डुकराची पियूषिका आणि आपण

पियूषिका ग्रंथी हे नाव शाळेत आपण सगळ्यांनीच एकदा पाठ केलेलं असतं. मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी, बाकीच्या ग्रंथींवर हुकूम चालवणारी. मराठी विश्वकोशात तिला ‘पोष ग्रंथि’ म्हटलं आहे. आम्ही डॉक्टर मंडळी सरळ पिट्युटरी म्हणतो. गंमत अशी की या तिन्हींत जगभर चालणारं नावच सगळ्यात चुकीचं आहे. लॅटिनमध्ये ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ, साध्या भाषेत शेंबूड. मेंदूतली घाण गाळून नाकात सोडणारी गाळणी, अशी समजूत होती, म्हणून हे नाव. आपल्याकडे ज्या कुणी ‘पीयूष’ शब्द निवडला, त्याला मात्र मानलं पाहिजे. पीयूष म्हणजे अमृत हे सर्वांना ठाऊक असतं. पण संस्कृतात त्याचा आणखी एक अर्थ आहे: नुकत्याच व्यायलेल्या गाईचं पहिलं दूध. म्हणजे आपण ज्याचा खरवस करतो तो चीक. आणि दूध तयार करायला लावणं, पान्हा फोडणं, ही या ग्रंथीची अगदी ठळक कामं आहेत.

आजचा लेख औषधाचा नाही, इतिहासाचा आहे, आणि त्यातही डुकराच्या पियूषिकेचा. विषय वाचून नाक मुरडू नका. बोईसर-पालघरला प्रॅक्टिस करताना एक प्रश्न मला नियमाने विचारला जातो. कधी बोहरी किंवा मुस्लिम कुटुंबातून, कधी जैन घरातून, कधी गळ्यात माळ असलेल्या वारकरी काकांकडून: “डॉक्टर, या इंजेक्शनात डुकराचं काही नाही ना?” वसईच्या किरिस्तांव मंडळींना तो प्रश्न पडत नाही, त्यांच्या सणाच्या ताटात डुक्कर असतंच. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागत नाही. ते नीट द्यायचं तर जवळजवळ १८०० वर्षं मागे जावं लागतं.

गेलेनची चूक

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन नावाचा वैद्य होऊन गेला. तेव्हा तिथे माणसाचं शव फाडायची रीत नव्हती. गेलेन माकडं, डुकरं, बैल, शेळ्या यांची चिरफाड करी. बैलाचा मेंदू तर मोठ्या शहरात खाटकाकडे कवटी काढून तयारच मिळतो, असं त्याने शिष्यांसाठी लिहून ठेवलं आहे. डुकराच्या गळ्यातली एक बारीक नस कापली की ओरडणारं डुक्कर एकदम मुकं होतं, हा प्रयोग तो लोकांसमोर करून दाखवी. ती नस आजही थायरॉइडचं ऑपरेशन करणारा प्रत्येक सर्जन जिवापाड जपतो.

या प्राण्यांच्या मेंदूखाली, पियूषिकेच्या दोन्ही बाजूंना, गेलेनला एक अजब गोष्ट दिसली. मेंदूकडे जाणारी धमनी तिथे एकदम शेकडो बारीक फाट्यांत फुटते, त्यांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं एक दाट जाळं होतं आणि पुढे ते फाटे परत एकत्र येऊन एकच धमनी बनते. त्याने तिला ‘अद्भुत जाळं’ म्हटलं. हृदयातून आलेला प्राण या जाळ्यात शिजून मेंदूला लागणारा सूक्ष्म प्राण बनतो, असा सिद्धांत मांडला. आणि या शिजवण्यातून उरलेला गाळ पियूषिकेतून खाली टाळूकडे, नाकाकडे उतरतो, असंही सांगितलं. “डोक्यातला कफ उतरला” असं आपल्याकडचे म्हातारे पेशंट आजही म्हणतात. शब्द वेगळे, कल्पना तीच.

अडचण एकच होती. माणसात हे जाळं नाही. डुकरात आहे, शेळी-मेंढीत आहे, गाई-म्हशीत आहे, माणसात नाही. पण गेलेनने लिहिलंय म्हणजे असणारच, या भरवशावर १३०० वर्षं वैद्य माणसाच्या डोक्यात ते शोधत राहिले आणि सापडलं नाही तर आपल्याच डोळ्यांना दोष देत राहिले. १५२० च्या सुमारास इटलीत बेरेंगारिओ दा कार्पी याने स्पष्ट लिहिलं की खूप डोकी उघडली, जाळं कुठेच दिसलं नाही. मग १५४३ मध्ये व्हेसेलियसचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्याने कबूल केलं की आपणही पूर्वी माणसाचं डोकं विद्यार्थ्यांना दाखवताना शेजारी बैलाचं किंवा मेंढीचं डोकं ठेवत असू, जाळं त्यात दाखवता यावं म्हणून. हा कबुलीजबाब मला त्याच्या सगळ्या सुंदर चित्रांपेक्षा मोलाचा वाटतो. शवविच्छेदन शिकवणारा माणूस समोरचं सोडून पुस्तकातलं दाखवत होता, आणि एके दिवशी त्याने ते थांबवलं.

कफाची कल्पना मात्र आणखी शंभर-सव्वाशे वर्षं टिकली. सतराव्या शतकात जर्मनीत श्नायडर आणि इंग्लंडमध्ये लोअर यांनी दाखवून दिलं की मेंदूतून नाकात असा रस्ताच नाही, शेंबूड नाकाच्या अस्तरातच तयार होतो. ग्रंथीचं काम गेलं, नाव राहिलं.

जाळं मग कशासाठी? आता कळलंय त्याप्रमाणे, ते मुख्यतः मेंदू थंड ठेवण्याची सोय आहे. डुकराच्या लांब नाकाकडून थंड झालेलं अशुद्ध रक्त या जाळ्याभोवती साचतं आणि मेंदूकडे जाणाऱ्या गरम रक्ताची उष्णता काढून घेतं. ज्यांचे खूर दुभंगलेले असतात त्या प्राण्यांत ही सोय जवळजवळ सर्वत्र आहे, घोड्यात नाही, उंदीर-सशात नाही. दुभंगलेल्या खुरांच्या वर्गातही पिसोरीच्या कुळात ती आढळत नाही. पिसोरी म्हणजे आपल्या सह्याद्रीत राहणारं सशाएवढं हरीण. एप्रिल-मेच्या उन्हात रानडुक्कर पळून पळून तापलं तरी त्याचा मेंदू बऱ्यापैकी थंड राहतो, आणि आमच्याकडे मात्र वीटभट्टीवरचे मजूर उष्माघाताने बेशुद्ध होऊन येतात, त्यात या फरकाचाही थोडा वाटा आहे.

भेजा आणलात तरी ही मिळणार नाही

मटणाच्या दुकानातून शेळीचा भेजा आणून घरी निरखणारे वाचक असतील, तर त्यांना सांगतो: त्यात पियूषिका नसते. ती कवटीच्या तळाच्या हाडातल्या एका खळग्यात बसलेली असते. वरून जाड पडद्याचं झाकण, त्या झाकणाला मधोमध भोक, भोकातून खाली आलेला एक नाजूक देठ. भेजा उचलला की देठ तुटतो आणि ग्रंथी खळग्यातच राहते. कत्तलखान्यात ती मिळवायची तर कुणीतरी मुद्दाम टोकदार हत्यार घेऊन उकरून काढावी लागते. पुढे जी लाखो ग्रंथींची गोष्ट येणार आहे ती वाचताना हे लक्षात ठेवा.

माणसाची ग्रंथी साधारण अर्धा ग्रॅम. डुकराची त्याहून लहान, हरभऱ्याएवढी. दोन्हींत पुढचा आणि मागचा असे दोन भाग, आणि दोघांचा जन्म वेगळा. पुढचा भाग गर्भाच्या तोंडाच्या छतातून वर चढलेल्या पिशवीतून होतो. राथके या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे सांगितलं, म्हणून ती राथकेची पिशवी. मागचा भाग मेंदूतून खाली उतरतो. म्हणजे घशाचं एक पोर आणि मेंदूचं एक पोर, एका खळग्यात शेजारी नांदतात.

या दोघांच्या मध्ये डुकरात एक स्पष्ट फट राहते आणि फटीला लागून मधला भाग चांगला भरलेला असतो. मोठ्या माणसात फट बुजून जाते, मधला भाग नावापुरता उरतो. कधी फटीचा उरलेला तुकडा पाण्याने भरतो, आणि डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयच्या रिपोर्टात ‘राथके क्लेफ्ट सिस्ट’ असे शब्द येतात. पेशंट घाबरून धावत येतात. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. डुकरात जे आयुष्यभर असतं त्याचा अवशेष, एवढंच.

आता डुकराच्या एका दूरच्या नातेवाईकाकडे वळू: देवमासा. वसई-डहाणूच्या किनाऱ्याला पावसाळ्यात कधीतरी मेलेला देवमासा लागतो आणि बघ्यांची गर्दी होते. तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचं सगळ्यात जवळचं जिवंत भावंड पाणघोडा, आणि पुढे त्याच घराण्यात गाय, हरीण, डुक्कर, हे डीएनएवरून गेल्या तीसेक वर्षांतच पक्कं झालं. देवमाशाच्या पियूषिकेत मधला भाग नसतोच. पुढच्या आणि मागच्या भागात जाड पडद्याची भिंत असते.

या भिंतीचा उपयोग गायलिंग या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने केला. मागच्या भागातून जे रस मिळतात ते खरंच मागच्या भागातले, की शेजारच्या पुढच्या भागातून मिसळलेले, असा वाद होता. गाय-डुकराची ग्रंथी कितीही नीट कापली तरी शंका राहते. देवमाशात भिंतच असल्याने शंकेला जागा नाही. १९३० च्या दशकात त्याच्या प्रयोगशाळेत देवमाशाच्या ग्रंथी येऊ लागल्या. १९३६ मध्ये त्याने एका उमेदवाराला ‘मिस्टर ओल्डहॅम’ असं पत्र लिहून नोकरी दिली. फ्रान्सिस ओल्डहॅम ही बाई होती. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने गायलिंग चुकला आणि तिने शहाणपणाने ते दुरुस्त केलं नाही. हीच पुढची डॉ. फ्रान्सिस केल्सी. १९६० मध्ये अमेरिकेत थॅलिडोमाइडच्या अर्जावर सही करायचं तिने नाकारलं आणि हजारो मुलं हातपायांसकट जन्माला आली. पियूषिकेच्या इतिहासाशी याचा संबंध थोडाच, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पान्हा आणि कळा

१८९५ मध्ये इंग्लंडमधले एक जनरल प्रॅक्टिशनर, जॉर्ज ऑलिव्हर, आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक शेफर यांनी पियूषिकेचा अर्क जनावराला टोचला. रक्तदाब वाढला. कफाची गाळणी समजली गेलेली ग्रंथी काहीतरी जोरकस करते, हे पहिल्यांदा दिसलं. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी बैलाच्या ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क मांजरीला दिला तेव्हा गर्भाशय आवळलं. १९०९ मध्ये ब्लेअर बेल यांनी तो बाळंतिणींमध्ये वापरला. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी शेळीत दाखवलं की अर्काने दूध सुटतं.

आपल्या शेतकऱ्याला हे शेवटचं शिकवायची गरज नव्हती. वासरू आचळाला लावल्याशिवाय गाय पान्हावत नाही, हे त्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. ‘पान्हा’ या शब्दाइतका नेमका शब्द इंग्रजीतही नाही. वासराचं तोंड लागलं की संदेश मेंदूला, तिथून पियूषिकेच्या मागच्या भागाला, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात, आणि अर्ध्या-एक मिनिटात आचळ भरून येतं. हे हार्मोन मागच्या भागात तयार होत नाही, वर मेंदूतच तयार होऊन देठातून खाली उतरतं आणि तिथे फक्त साठवलं जातं, हे १९४९ च्या सुमारास बार्गमान यांनी दाखवलं.

सुरुवातीचे अर्क ओबडधोबड होते. एका बाटलीत किती ताकद आहे हे सांगता येत नसे. जास्त गेलं तर गर्भाशय फाटून बाई दगावत असे. म्हणून १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय माप ठरलं: वाळवलेल्या मागच्या भागाची ०.५ मिलिग्रॅम प्रमाणित पूड म्हणजे एक युनिट. आज जव्हार-मोखाड्याच्या आरोग्य केंद्रात बाळ बाहेर आल्याबरोबर आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन टोचतात, ते ‘युनिट’ मुळात कत्तलखान्यातल्या त्या पुडीपासून आलं आहे. औषध मात्र आता पूर्णपणे कारखान्यात बनतं. १९५३ मध्ये विन्सेंट दू विग्नो यांनी त्यातल्या ९ अमिनो आम्लांचा क्रम उलगडला आणि नंतर ते प्रयोगशाळेत जोडून दाखवलं. १९५५ चं नोबेल त्यांना मिळालं.

हे ९ दाण्यांचं औषध उष्णतेला नाजूक आहे, फ्रिजमध्ये २ ते ८ अंशात ठेवायचं असतं. उपकेंद्रात वीज गेली, अँप्युल दिवसभर टेबलावर राहिली, तर सुई दिली जाते पण रक्त थांबत नाही. नर्सताईंशी बोलताना हे मी दरवेळी सांगतो.

आणि म्हशीचं इंजेक्शन? तबेल्यात दूध उतरवायला ऑक्सिटोसिन टोचण्याचा प्रकार आपल्या पट्ट्यातही सगळ्यांनी ऐकलेला आहे. वासरू जगवायचं नाही, मग पान्हा कसा फुटणार, म्हणून सुई. केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण प्रसूतीच्या वेळी औषध कमी पडलं तर आया मरतील. निर्णय बरोबरच होता, असं माझं मत आहे. दुधातून आलेल्या ऑक्सिटोसिनने मुली लवकर वयात येतात, ही व्हॉट्सअॅपवरची गोष्ट मात्र सोडून द्या. ते प्रथिनाच्या जातीचं आहे, पोटात गेलं की पचून जातं. त्रास होतो तो म्हशीला, आणि त्यासाठीच ते थांबायला हवं.

एका दाण्याचा फरक

मागच्या भागातलं दुसरं हार्मोन व्हॅसोप्रेसिन. हे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. यातही ९ दाणे. दू विग्नो यांच्याच गटाने १९५० च्या सुमारास गाईचं आणि डुकराचं व्हॅसोप्रेसिन शेजारी ठेवलं, तर आठवा दाणा वेगळा निघाला. गाईत आर्जिनिन, डुकरात लायसिन. माणसात, कुत्र्यात, उंदरात, मेंढीत, सगळीकडे आर्जिनिन. डुक्कर एकटंच निराळं.

मग शोध सुरू झाला की डुकराचे भाऊबंद काय करतात. १९६० च्या दशकात असं दिसलं की अमेरिकेतलं पेकरी नावाचं डुकरासारखं जनावर, आफ्रिकेतलं वॉर्टहॉग आणि पाणघोडा यांच्यात दोन्ही प्रकार सापडतात. काही जनावरांत आर्जिनिनवालं, काहींत दोन्ही एकत्र. म्हणजे फार पूर्वी या घराण्यातल्या एका पूर्वजाच्या जनुकात एक अक्षर बदललं, काही शाखांत जुनं-नवं दोन्ही टिकलं आणि पाळीव डुकरात फक्त नवं उरलं. डीएनए वाचायची यंत्रं नव्हती तेव्हा, वाळवलेल्या ग्रंथींतून ही वंशावळ वाचली गेली.

हे नुसतं कुतूहल म्हणून सोडून देता आलं असतं. पण आमच्या आयसीयूत त्याचा रोज उपयोग होतो. दारूने लिव्हर खराब झालेला माणूस रक्ताची उलटी करत येतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असतात. एंडोस्कोपीची सोय होईपर्यंत रक्तस्राव आवरायला आम्ही टर्लिप्रेसिन देतो. त्याची रचना पाहा: लायसिन व्हॅसोप्रेसिन, आणि त्याला पुढे ग्लायसिनचे ३ दाणे जोडलेले. शरीरात ते ३ दाणे हळूहळू गळून पडतात आणि मोकळं होतं ते डुकराचं व्हॅसोप्रेसिन. कारखान्यात रसायनांतून बनवलेलं, त्यात डुकराचा कणही नाही. पण नकाशा डुकराचा.

लाखो ग्रंथी

पुढच्या भागाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती बरीचशी शिकागोच्या कत्तलखान्यांची आहे. १९४९ मध्ये मेयो क्लिनिकच्या हेंच यांनी जाहीर केलं की कॉर्टिसोनने, आणि पियूषिकेतल्या एसीटीएच या हार्मोननेही, अंथरुणाला खिळलेले संधिवाताचे रुग्ण उठून चालू लागतात. एसीटीएच मिळत होतं डुकराच्या ग्रंथींतून, आर्मर या मांसाच्या कंपनीकडून. हरभऱ्याएवढ्या ग्रंथी लाखोंनी उकरून मूठभर औषध निघे. डुकराचं एसीटीएच ३९ दाण्यांचं, माणसाचंही ३९ चं, फरक फक्त ३१ व्या दाण्यात, आणि कामाचा भाग सुरुवातीच्या दाण्यांत असल्याने माणसाला ते बिनदिक्कत लागू पडतं. तान्ह्या मुलांच्या एका विशिष्ट आकडीत ते आजही वापरतात. अमेरिकेतलं अॅक्थार जेल अजून डुकराच्या पियूषिकेतूनच काढतात. त्याची कुपी २००१ मध्ये ४० डॉलरच्या आसपास होती, पुढे ती ३८ हजारांवर नेली गेली. डुक्कर तेच, ग्रंथी तीच.

वाढीच्या हार्मोनने मात्र सगळ्यांना फसवलं. डुकराचं आणि गाईचं वाढीचं हार्मोन उंदराला लागू पडतं, माणसाला नाही. खुज्या मुलांना टोचून काही उपयोग होईना. १९५८ मध्ये मॉरिस रेबेन यांनी माणसाच्याच शवातून काढलेलं हार्मोन देऊन मुलगा वाढवून दाखवला. मग देशोदेशी शवागारांतून पियूषिका गोळा होऊ लागल्या. १९८५ मध्ये त्याची किंमत कळली: ते घेतलेल्या काही तरुणांना मेंदू सडवणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग झाला. शवातलं हार्मोन थांबलं आणि त्याच वर्षी जनुक-तंत्राने जंतूंकडून बनवून घेतलेलं बाजारात आलं. कुत्र्याचं आणि डुकराचं वाढीचं हार्मोन मात्र दाण्याला दाणा सारखं आहे. निसर्ग नातं कुठे जोडील सांगता येत नाही.

शेवटची मोठी लढाई पियूषिकेला हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या हार्मोन्ससाठी झाली. गियमां मेंढ्यांचे मेंदू घेऊन बसले, शॅली डुकरांचे. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. प्रजननाचा हुकूम देणारं हार्मोन शॅलींच्या गटाने १९७१ मध्ये उलगडलं, दीड लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंचे तुकडे वाटून. १० दाण्यांची साखळी, आणि ती माणसात हुबेहूब तीच. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर १ किंवा ३ महिन्यांनी घेतलं जाणारं ल्युप्रोलाइड याच साखळीवरून बेतलेलं आहे. १९७७ चं नोबेल दोघांनी एकाच मंचावर घेतलं.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर. ऑक्सिटोसिन, टर्लिप्रेसिन, ल्युप्रोलाइड, आजचं वाढीचं हार्मोन आणि आता सर्रास वापरलं जाणारं ह्यूमन इन्सुलिन यात डुकराचं काही नाही. एकेकाळी इन्सुलिन डुकराच्या स्वादुपिंडातून येई, त्यात आणि आपल्यात एकाच दाण्याचा फरक आहे. हेपरिन आणि त्याच्या जातीची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं बहुतेक डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. पचनासाठी दिल्या जाणाऱ्या पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूलही डुकराच्या स्वादुपिंडातून येतात. कुणाला हरकत असेल तर आधी सांगावं, पर्याय असेल तिथे देता येतो. जीव धोक्यात असेल तर सर्वच धर्मांतले जाणकार सवलत देतात, असा माझा अनुभव आहे.

देठातल्या शिरा

एक भाग मी मुद्दाम मागे ठेवला. पियूषिकेच्या देठावरून बारीक शिरा जातात. १९३० मध्ये लंडनमध्ये पोपा हे रुमानियन आणि उना फिल्डिंग या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ यांनी त्यांचं वर्णन केलं, आणि रक्त खालून वर मेंदूकडे जातं असं सांगितलं. पुढच्या काही वर्षांत बेडकात जिवंतपणी पाहून आणि इतर प्राण्यांतल्या कामावरून उलटं ठरलं: रक्त मेंदूकडून खाली ग्रंथीकडे येतं. पुढच्या भागाला मुख्य पुरवठा याच शिरांचा. धमनीचा जोरदार दाब तिथे नसतो, मंद दाबाचं, एकदा वापरून झालेलं रक्त येतं. मागच्या भागाला मात्र स्वतःची धमनी असते.

गरोदरपणात दूध तयार करण्याच्या पेशी वाढून माणसाची पियूषिका सुमारे एक तृतीयांशाने मोठी होते. हाडाचा खळगा तेवढाच. अशा वेळी बाळंतपणात खूप रक्त गेलं, दाब कोसळला, तर आधी उपाशी पडतो तो पुढचा भाग. तो मरून जातो. ग्लासगोच्या शीहान यांनी १९३७ मध्ये हे सविस्तर मांडलं, म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात.

पहिली खूण अगदी घरगुती असते: बाईला दूधच येत नाही. घरातले म्हणतात अंगावर पाजत नाही, नशीब, दृष्ट लागली. मग पाळी परत येत नाही. काखेतले केस गळतात. थंडी सहन होत नाही, चक्कर, भूक नाही, दाब कमी. विक्रमगड, तलासरी, मोखाडा भागात घरी किंवा वाटेत गाडीत बाळंतपण होऊन रक्त गेलेल्या बाया वर्षानुवर्षं रक्तवाढीच्या गोळ्या आणि सलाईनवर काढतात. एखाद्या तापात सोडियम आणि साखर खाली जाऊन बेशुद्ध होतात, तेव्हा कुणीतरी विचारतं, “शेवटच्या बाळंतपणात काय झालं होतं?”

माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अशा बाईचा टीएसएच नॉर्मल येतो आणि थायरॉइड ठीक आहे असं वाटतं. फ्री टी४ आणि सकाळचं कॉर्टिसोल करा. आणि दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइड, नंतर थायरॉक्सिन. उलटं केलं तर पेशंट हातातून जाऊ शकतो. गोळ्या स्वस्त आहेत, फक्त आयुष्यभर घ्याव्या लागतात.

हाच पुढचा भाग आणखी एका कारणाने मरतो, आणि ते आपल्या भातखाचरात आहे: घोणस. तिच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, केशवाहिन्या गळू लागतात, आणि पियूषिकेत रक्तस्राव किंवा गुठळी होते. ब्रह्मदेशातल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे लिहिलं, दक्षिण भारतातून त्याआधीही नोंदी होत्या. किडनीवर परिणाम झालेल्या, जास्त विष चढलेल्या पेशंटमध्ये हे अधिक दिसतं. कधी लगेच दाब आणि साखर कोसळते, कधी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी अशक्तपणा, पुरुषात दाढी विरळ होणं, बाईत पाळी बंद होणं, असं हळूहळू उघड होतं. तोवर साप चावल्याचं सगळे विसरलेले असतात.

परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूत आहे आणि तिथे सर्पदंशावर काम चालतं. भगताकडे वेळ न घालवता रुग्णालयात या, हा त्यांचा निरोप गावोगाव पोचतो आहे. त्यात माझी एक भर: घोणस चावून वाचलेल्या माणसाने सर्पदंशाचा कागद जपून ठेवावा आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर तो दाखवावा. बाळंतपणात रक्त चढवावं लागलं असेल तर तो कागदही.